एकटीने गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, गेलं तर कसं दिसेल?

"कंपनी नव्हती म्हणून राहून गेलं." मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. ५८ वर्षांच्या एक काकू, काका गेल्यापासून बालगंधर्वला नाटक बघितलेलं नाही, कारण एकटीचं तिकीट काढायचं धाडस होत नाही. हिंजवडीत काम करणारा २७ वर्षांचा मुलगा, त्याची तर अजून वेगळीच अडचण, काही ठिकाणी स्टॅग एंट्रीच, म्हणजे एकट्या पुरुषाला प्रवेशच, देत नाहीत, पण जिथे देतात तिथेही हा जात नाही. आणि आज जिच्याबद्दल लिहितेय ती, वय ३५, कोथरूडची. तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिला लाइव्ह म्युझिकचं भयंकर वेड. सिनेमातली गाणी नाही, स्वतःची गाणी स्वतः लिहून वाजवणारे बँड, ज्याला आपण इंडी म्हणतो ते. २०१० मध्ये पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा अशा बँडचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेलेली, आणि मग ग्रुप पांगला, कोणी डब्लिनला, कोणी बंगळुरूला, नवऱ्याला गर्दी आणि मोठा आवाज दोन्ही सहन होत नाही. चार वर्षांत एकही गिग नाही. दर आठवड्याला कोण कुठे वाजवतंय ते बघायचं, तिकीट कार्टमध्ये टाकायचं आणि सोडून द्यायचं.

ती माझ्याकडे आलेली खरं तर चिडचिड होते म्हणून. हे गिगचं तिसऱ्या भेटीत सहज बोलता बोलता निघालं, आणि लगेच म्हणाली, "जाऊ दे मॅडम, फालतू आहे हे."

मला नाही वाटत फालतू. माणूस आवडीची गोष्ट वर्षानुवर्षं पुढे ढकलतो तेव्हा ती चिडचिड कुठून तरी बाहेर येतेच.

मी विचारलं, एकटी गेलीस तर नेमकं काय होईल?
"लोक बघतील."
बघून?
"म्हणतील हिला कोणी नाही."
आणि तसं म्हणाले तर?

बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "टेबलावर समोर रिकामी खुर्ची असते ना मॅडम, ती मला दिसते." तेव्हा मला कळलं की हिला एकटेपणाची भीती नाहीच, घरी तासन्‌तास हेडफोन लावून मजेत असते ही. भीती आहे ती उरलेली दिसण्याची. सगळे जोडीजोडीने गेले आणि ही मागे राहिली असं दिसण्याची. या दोन भीत्या वेगळ्या आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करते, त्यांचा विचार आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी पोचवला आणि मी त्यातूनच घडले. तिला एलिसची गोष्ट सांगितली. १९व्या वर्षी हा लाजाळू मुलगा न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचा आणि बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलायचा, शंभरेक जणींशी बोलला, भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण नकाराने आपलं काही बिघडत नाही हे त्याला कायमचं कळलं. माझी फार आवडती गोष्ट आहे ही.

ती म्हणाली, "ते पुरुष होते मॅडम."

बरोबरच होतं तिचं. म्हणून मी तो विषय सोडला आणि नुसतं विचारलं, तुझ्या ओळखीत गाणं ऐकायला एकटं जाणारं कोणीच नाही का?

"बाबा जायचे की. सवाईला."

आणि मग ती बोलतच सुटली. रमणबागेत सवाई व्हायचं, तेव्हा रात्र रात्र चालायचं, बाबा शाल आणि चहाचा थर्मास घेऊन एकटेच निघायचे, आई म्हणायची सोबतीला कोणाला तरी घ्या, तर म्हणायचे, "गाण्याला कसली सोबत?" पहाटे यायचे तेव्हा चेहरा वेगळाच असायचा. बोलता बोलता मध्येच थांबली, डोळे भरले. "बाबांना कधी कोणी विचारलं नाही की तुम्ही एकटे का. मीही कधी विचारलं नाही."

इथे मी काहीच बोलले नाही. या कामात गप्प कधी बसायचं हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि ते जमतं याचं मला समाधान आहे.

पुढच्या वेळी आली ती एकच गाठ घेऊन. "गाणं ठीक आहे, पण मला तिथे एक कॉकटेल पण घ्यायचं असतं. बाबा चहा प्यायचे." मी म्हटलं, नको असेल तर घेऊ नकोस, पण नको वाटतं म्हणून नको आणि लाज वाटते म्हणून नको यात फरक आहे. आणि कायदा आपल्याकडे २५व्या वर्षी जी परवानगी देतो ती तू ३५व्या वर्षी कोणाकडून मागतेयस? हसली.

पण मी एक अट घातली, आणि ही अट अशा प्रत्येकालाच घालते. पहिली दोन गाणी होईपर्यंत ग्लास हातात घ्यायचा नाही. कारण आधी प्यायलीस तर धीर कॉकटेलने दिला असं मनात बसेल, आणि पुढच्या वेळी धीरासाठी दोन लागतील. जमलं ते तुझं तुला जमलं हे कळायला पाहिजे.

तयारी आम्ही छोट्या पायऱ्यांनी केली. आधी रविवारी वैशालीत एकटीने डोसा, फोन बॅगेत, आणि किती जण आपल्याकडे बघतात ते मोजायचं. आकडा आला दोन, वेटर आणि शेजारच्या टेबलावरचं बाळ. मग दुपारचा सिनेमा. मग गुरुवारी कोरेगाव पार्कला गिग.

मी सुचवलेलं बारच्या स्टुलावर बस, तिथे एकटं माणूस सहज सामावतं. हिने दोघांचं टेबल घेतलं. बँड उशिरा, त्यामुळे चाळीस मिनिटं नुसतं लेमन सोडा आणि समोर ती खुर्ची. पळून जावंसं वाटलं, फोन दोनदा काढून परत ठेवला. तेवढ्यात शेजारच्या ग्रुपमधली एक मुलगी आली, "ही खुर्ची घेऊ का?"

"मॅडम, मला वाटलं आता मी मरणार. आणि मी म्हटलं, घ्या ना. ती थँक्यू म्हणून घेऊन गेली. बस. एवढंच झालं."

ज्या खुर्चीसाठी चार वर्षं घरी बसली ती कोणीतरी उचलून नेली आणि पलीकडे कोणाला त्याचं काही वाटलंही नाही. हे मी तिला दहा भेटींत सांगून पटलं नसतं, तिथे बसूनच कळायचं होतं ते. तिसऱ्या गाण्याला तिने जिन आणि कोकमाचं काहीतरी मागवलं, एकच, आणि शेवटपर्यंत पुरवलं.

आता तुम्ही विचाराल, एकट्या बाईने रात्री जाणं सुरक्षित आहे का. काळजी घ्यायचीच. कुठे जातोय ते घरी एकाला तरी सांगून ठेवा, ग्लास टेबलावर सोडून जाऊ नका, परतीची कॅब आत असतानाच बुक करा, आणि कोणी नको तेवढं चिकटलं तर सरळ स्टाफला सांगा. पण काळजी आणि लाज यांची गल्लत करू नका, बरेच जण लाजेलाच काळजी म्हणतात. आणि हो, गाणं निमित्त आणि रोज एकट्याने पिणं हेच खरं असेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी वेगळं भेटा.

परवा तिचा मेसेज आला. आपली गुरुवारची वेळ शुक्रवारी करता येईल का, गुरुवारी एक बँड येतोय.