काढून टाकलेल्या फुटबॉल कोचला एवढे पैसे का देतात?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या कोचला मध्येच हाकललं तर विद्यापीठ त्याला ‘बायआउट’ म्हणून लाखो डॉलर देतं, ते कशाबद्दल? काम तर तो करणार नाही. आणि हे पैसे विद्यार्थ्यांच्या फीतून जातात का?

सहीबद्दल देतात. एवढं लिहून थांबता आलं असतं, पण हाच प्रश्न आमच्या घरात ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी निघाला होता आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार. मी ह्यूस्टनजवळ राहतो. मामा-मामी कराडहून दिवाळीला आले होते. समोरचा शेजारी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा माजी विद्यार्थी, त्याच्या दारावर बारा महिने त्यांचा मरून रंगाचा झेंडा. तो फराळाचं ताट घ्यायला आला आणि चकली मोडता मोडता म्हणाला, आमच्या फुटबॉल कोचला, जिंबो फिशरला काढलं. आदल्याच दिवशी संघ ५१-१० असा जिंकला होता. मामांना आधी त्याचंच नवल. मग त्यांनी विचारलं, नुकसानभरपाई किती? शेजारी म्हणाला, ७६ मिलियन डॉलरच्या वर. मामा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी तिथेच मोबाइलवर गुणाकार केला. सव्वासहाशे कोटींच्या वर. म्हणाले, “मग आज लक्ष्मीपूजन आपल्याकडे कशाला, त्याच्याकडे चला.”

हिशेब अवघड नाही. २०१७ मध्ये फिशरना दहा वर्षांचे ७५ मिलियन कबूल केले, पूर्ण हमीने. २०२१ मध्ये, गरज नसताना, करार वाढवून २०३१ पर्यंत नेला. म्हणजे मधेच काढलं तरी उरलेल्या वर्षांचा पगार देणं. चौथा हिस्सा साठ दिवसांत, बाकीचा दरवर्षी सात मिलियनहून जास्त असा २०३१ पर्यंत. आणि त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी यातून एक डॉलरही वजा नाही! हे शेवटचं कलम मला सगळ्यात बेशरम वाटतं. सगळीकडे ते नसतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेट विद्यापीठाने त्यांचे कोच जेम्स फ्रँकलिनना काढलं तेव्हा आकडा साधारण ४९ मिलियनचा होता. पण नव्या नोकरीचा पगार त्यातून वजा होणार असल्यामुळे ते व्हर्जिनिया टेकला गेल्यावर प्रकरण ९ मिलियनवर मिटलं. मेल टकरना तर मिशिगन स्टेटने २०२३ मध्ये ‘सकारण’ काढलं, म्हणजे गैरवर्तनाचा ठपका ठेवून. करारातले सुमारे ८० मिलियन उरले होते, विद्यापीठाने दिले नाहीत. सामने हरणं हे मात्र ‘कारण’ होत नाही. लोकांना हे पटतच नाही.

कोच स्वतः सोडून गेला तर? मग उलट त्याने भरायचं. २००७ च्या शेवटी रिच रॉड्रिग्ज वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला गेले, करारात ४ मिलियन लिहिले होते. त्यांनी कोर्टबाजी केली, शेवटी अडीच मिलियन मिशिगनने भरले आणि दीड त्यांनी.

इथेच माझं आणि मामांचं बिनसतं. २००६ मध्ये मी पुण्यातल्या एका कंपनीत लागलो. पगार चौदा हजार, आधी सोडलं तर पैसे भरायचा बाँड दोन वर्षांचा, रक्कम एक लाख, शंभराच्या स्टँप पेपरवर. जामीन मामा. चौदा महिन्यांनी मला एमएसची अ‍ॅडमिशन मिळाली आणि मी राजीनामा दिला. कंपनीने रिलीव्हिंग लेटर अडवलं आणि पूर्ण लाखाची नोटीस धाडली. मला नाही, मामांना, तीसुद्धा बँकेच्या पत्त्यावर. शिपायाने ती भर शाखेत मामांच्या टेबलावर ठेवली. मी पुण्यात एका वकिलाला भेटून यायच्या आत मामांनी मुदत ठेव मोडून डीडी काढला होता. “सही केली ना? मग भरायचं.” पुढे मी पैसे परत केले, त्यांनी रुपयान् रुपया मोजून घेतला, व्याज नको म्हणाले. ते व्याज मला आजही टोचतं.

माझं म्हणणं तेव्हा तेच होतं आणि आजही तेच आहे. चोवीसपैकी दहा महिने राहिले होते, तर फार तर बेचाळीस हजार मागा. पूर्ण लाख कशाचा? कोचांच्या करारात ही अक्कल असते. आकडा दर वर्षी, कधी एका तारखेला उतरतो. नेब्रास्काच्या स्कॉट फ्रॉस्टचा बायआउट १ ऑक्टोबर २०२२ ला १५ मिलियनवरून साडेसातवर येणार होता. जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर विद्यापीठाला तीन आठवडेसुद्धा दम निघाला नाही, ११ सप्टेंबरला काढलं आणि साडेसात मिलियन जास्तीचे मोजले. मूर्खपणा करायचा तर असा हौसेने करावा. पण तो निर्णय त्यांनी स्वतः घेतला, नोटीस फ्रॉस्टच्या मामाला गेली नाही.

म्हणून सांगतो, करारावर सही करताना रक्कम बघू नका, ती उतरते कशी ते बघा. सोडल्यावर आणि काढल्यावर, दोन्ही बाजूंनी आकडा लिहिलाय का ते बघा. माझ्या बाँडमध्ये कंपनीने मला काढलं तर काय, याबद्दल ओळ नव्हती. आणि नातेवाइकाला जामीन कधीही ठेवू नका. पैशांपायी नव्हे, तो तुमच्या आधी शरण जातो म्हणून.

एक गोष्ट माझ्याविरुद्ध जाते, तीही लिहितो, नाहीतर मामा लिहितील. मी वर्षानुवर्षं त्यांना भारतीय करार कायद्याचं कलम ७४ ऐकवत आलो, की ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, मिळते ती वाजवी भरपाई. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या अटीचा दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. मामांनी निकाल सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली एकच शब्द: “वाच.” वाचला. तो सरकारी बँकेच्या भरती प्रक्रियेच्या खर्चाबद्दल आहे, चौदा हजारांच्या ट्रेनीबद्दल नाही. हे मी कळवलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

फीचं राहिलंच. टेक्सास ए अँड एमने पहिला हप्ता देणगीदारांच्या फाउंडेशनच्या पैशातून आणि पुढचे क्रीडा विभागाच्या बजेटमधून द्यायचं जाहीर केलं होतं. तिकिटं, टीव्हीचे हक्क, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, असा तो पैसा. सगळ्या विद्यापीठांचं तसंच असतं असं नाही, काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडून खेळाची फी घेतात, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचा करार मागवून बघा; सरकारी विद्यापीठांचे बहुधा मिळतात. मी वकील नाही.

आणि शिकायचं म्हणाल तर कोणी शिकत नाही. फिशरना टेक्सास ए अँड एमला आणणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड पुढे एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेले, तिथे त्यांनी कोच म्हणून ब्रायन केलींना आणलं. केलींना ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं, बायआउट सुमारे ५४ मिलियन. विद्यापीठ आधी कुरकुरलं, केली कोर्टात गेले, मग विद्यापीठाने मुकाट कबूल केलं. वुडवर्डही गेले. ही बातमी मी मामांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, “यांना जामीन कोण होतं रे?”