बीळ उकरू नकोस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. तुझं टॅरंटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं, पिल्लू आठ दिवस जेवलेलं नाही, बिळाचं तोंड मातीनं बुजवून बसलंय, आणि चमच्यानं उकरून बघू का, असं विचारतोयस. नको. बहुधा ते कात टाकायच्या तयारीत आहे. कातीआधी पिल्लं खाणं सोडतात, पोट काळपट आणि तुकतुकीत होतं. आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलं तरी घाबरायचं कारण नाही.

कधी ते उताणं पडलेलं दिसेल. तेव्हा मेलं समजू नकोस. मरणारा टॅरंटुला सहसा पाय पोटाखाली आवळून घेतो. उताणा पडलेला कात टाकत असतो. माझं पहिलं पिल्लू मी असंच, जगवायचं म्हणून, ब्रशनं पालथं केलं. त्याचे पाय जुन्या कातीत अडकले आणि दोन दिवसांत गेलं. ती हळहळ अजून जात नाही.

कातीनंतर सुळे पांढरे आणि मऊ असतात. ते काळे पडेपर्यंत, साधारण आठवडाभर, काहीही देऊ नकोस. मग मारलेल्या रातकिड्याचा तुकडा दे, पिल्लाच्या पोटाहून मोठा नको. उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाक. जिवंत किडा आत सोडून झोपलास तर कात टाकणाऱ्या पिल्लालाच तो कुरतडेल.

डबीत अंथरलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या भुश्याच्या) एका कोपऱ्यात ड्रॉपरनं चार थेंब पाणी टाक, बाकी कोरडं राहू दे. रोज फवारा मारून चिखल करणं हीच नवख्यांची सर्वांत मोठी चूक. डबीला हवेची भोकं हवीत, आणि डबी उंच नको. उंचावरून पडलं तर त्याचं पातळ कातडीचं पोट फुटतं. हातावर खेळवायचं नाही, ते याचसाठी.

ग्वाल्हेरचा उन्हाळा तू जाणतोसच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा डबी खालच्या मजल्यावर, भिंतीतल्या कपाटात ठेव. कूलरच्या झोतात नको. थंडीत हीटरजवळही नको. गारठ्यात ते कमी खातं, कमी वाढतं, इतकंच. आणि आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरांत संध्याकाळी डासांची अगरबत्ती लागतेच, तर त्या खोलीत डबी ठेवूच नकोस. डासाला मारणारं औषध कोळ्यालाही मारतं.

तुझं पिल्लू मेक्सिकोचं, लाल गुडघ्यांचं आहे. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये येते आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करावी लागते. विकत घेतल्याची पावती जपून ठेव आणि नोंद लवकर कर. मादी निघाली तर वीसहून अधिक वर्षं तुझ्या घरात राहील. लग्न, बदल्या, सगळं तिच्यासह.

कात सापडली की फेकू नकोस, कोरड्या कागदात गुंडाळून ठेव. पिल्लू दोन-तीन इंचांचं झालं की कातीवरून नर-मादी कळते. तेव्हा ये, भिंग माझ्याकडे आहे.

तुझा काका