चवथीचं घर आणि रोजचं घर

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. यजमान येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. पणजीत भाटल्याला तिसऱ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे, लिफ्ट नाही. फोंडा तालुक्यात सासरचं कौलारू घर आहे. तिथे थोरल्या जाऊबाई एकट्या असतात, दुसरे दीर पुण्याला. फ्लॅट विकून ते पैसे घराला लावावेत आणि कायमचं गावी जावं, हे यजमानांनी मनात पक्कं केलंय. तुम्ही लिहिता, "मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणताना छातीत धस्स होतं. मी स्वार्थी आहे का?"

नाही, ताई. मुळीच नाही.

यजमानांचंही चुकत नाही. स्मार्ट सिटीच्या खोदकामाची धूळ तुम्ही दोघांनी खाल्ली आहे. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली, तेव्हा पणजीचे नळ कित्येक दिवस कोरडे होते. गावच्या विहिरीला मात्र भर पावसाळ्यात वाकून हात लागेल इतकं पाणी असतं. ज्याचं लहानपण राजांगणात गेलं, त्याला तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतली तुळस पुरत नाही. हे मला कळतं.

पण ते ज्या घराची आठवण काढतात, ते चवथीचं घर आहे. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, वीस माणसं पंगतीला, चार जावा स्वयंपाकघरात, पोरं पडवीवर. पाच दिवसांनी गणपती पोचवले की सगळे आपापल्या गाड्यांत बसतात. त्यानंतर जे उरतं ते रोजचं घर, आणि ते तुमच्या हातांवर चालणार आहे.

माझी आई असल्याच घरात राहायची, म्हणून लिहिते. मे महिन्यात कौलं परतून घ्यायची, तर कौलांवर चढणारा माणूस मिळत नाही. मिळाला तरी जुलैत माकडं येतात आणि तीन कौलं सरकवून जातात. पाणी नेमकं तांदळाच्या डब्यावर गळतं. लाकडाला वाळवी. नारळ तयार असतात, ते काढणारा पाडेली येत नाही. झावळी तारेवर पडली की रात्रभर अंधार. आई एका सकाळी न्हाणीघरामागच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरली. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने फाटकाशी पोंक, म्हणजे भोंगा, वाजवला, रोजच्यासारखी ती बाहेर आली नाही म्हणून तो मागे जाऊन बघून आला. तोवर दीड तास ती पावसात पडून होती. तुम्ही गुडघेदुखीबद्दल एकच ओळ लिहिली आहे. माझ्या मते सगळ्या पत्रात तीच ओळ महत्त्वाची आहे.

आता कागदांचं बोलू. तुमचं लग्न गोव्यात नोंदलेलं आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नाही, असं धरते. तसं असेल तर गोव्याच्या नागरी कायद्याने तो फ्लॅट निम्मा तुमचा आहे, कागदावर नाव कोणाचंही असो. तुमच्या सहीशिवाय तो विकता येत नाही. तेव्हा 'मला विचारलं तर' असं जे तुम्ही लिहिलंय, ते खोडून टाका. तुम्हाला विचारावंच लागेल.

आणि गावचं घर? त्याची वाटणी झालेली नाही. त्यात दिरांचा हिस्सा आहे, त्यांच्या पत्नीचा आहे, जाऊबाईंचा आणि त्यांच्या मुलांचाही आहे. उद्या इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, लागली तर वारसदारांमध्येच बोली होऊ शकते आणि ज्याची बोली वरची, घर त्याचं. तुम्ही नवी न्हाणी बांधा, लादी घाला, पावत्या घेऊन हिशेब मांडत बसायची वेळ येऊ शकते. फ्लॅटचा एक रुपयाही त्या घरात घालण्याआधी सगळ्यांनी बसून वाटणीचं बोलणं करा, वकिलाला गाठा. भांडण नसताना बोललेलं बरं असतं.

जाऊबाईंना कोणी विचारलंय का, हेही पत्रात नाही. इतकी वर्षं त्या त्या चुलीपाशी एकट्या आहेत. त्यांना सोबत हवी असेल, कदाचित अडचणही वाटेल. हा फोन यजमानांनी नको, तुम्ही करा.

माझं स्पष्ट मत असं: फ्लॅट आत्ता विकू नका. कुलूप लावा आणि मृगापासून चवथीपर्यंत दोघं गावी राहा. हिवाळ्यात जाऊन बघू नका, डिसेंबरात कुठलंही कौलारू घर गोडच वाटतं. त्या तीन महिन्यांत कौलांचा माणूस, गॅसची टाकी, सांडगे-पापडापासून सुक्या मासळीपर्यंतचा सगळा पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, बँकेची कामं, हे सगळं यजमानांनी बघायचं. पणजीहून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, अगदी जवळ आहे. गावातून रात्री दोन वाजता निघायचं तर गाडी कोण चालवणार, तेही ठरवून ठेवा. 108 ची रुग्णवाहिका येते, पण तुमच्या वाटेवरून अंगणापर्यंत येते का, ते एकदा पाहून घ्या.

पणजीत पाटो इथल्या मध्यवर्ती वाचनालयातली तुमची शनिवारची फेरी आणि कला अकादमीतली नाटकं तुम्ही 'फुटकळ कारणं' म्हणून शेवटी लिहिली आहेत. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं सगळं करून जे स्वतःसाठी राखलंत, ते फुटकळ कसं?

हे सगळं करूनही फ्लॅट विकावासा वाटला, तर विका. पण त्यातून आधी फोंड्यात किंवा पणजीत लिफ्ट असलेलं छोटं घर घ्या. तो तिसरा मजला तरी तुमचे गुडघे आणखी किती वर्षं चढणार? उरेल ते गावच्या घराला लावा, आणि पहिला खर्च न्हाणीघराच्या वाटेवर करा. तिथल्या पायऱ्या काढून खरखरीत लादीचा उतार घाला, भिंतीला धरायला दांडा लावा.

तुमची,
माई