समुद्राजवळच्या गॅरेजच्या शटरची देखभाल कशी करावी?

प्रश्न: आमचं घर कोकणात समुद्राजवळ आहे. गॅरेजचं लोखंडी शटर उन्हाळ्यात घट्ट होतं आणि पावसाळ्यात गंजतं. कोणत्या ऋतूत काय करावं? मोटर बसवली तर त्रास कमी होईल का?

उत्तर:

मोटरचं आधी सांगतो, बाकीचं कोणीही सांगेल. नका बसवू. त्रास कमी व्हावा म्हणून तर नकाच नका.

आमचं घर गुहागरला. रस्ता ओलांडला, समोरची वाडी संपली की सुरूचं बन आणि त्यापुढे समुद्र. गॅरेज म्हणजे आमचा जुना गाडीखाना, तोंड पश्चिमेला. त्याला बाबांनी फणसाच्या फळ्यांचा दोन कवाडांचा दरवाजा करून घेतला होता. पावसात तो फुगायचा. मग बाबा दर वर्षी आगोटीच्या कामांत, पापड-मसाल्यांच्या धबडग्यात, त्याच्या कडेवर रंधा मारायचे. थोरला भाऊ डोंबिवलीला असतो. वर्षातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा त्याला तो दरवाजा ढकलावा लागायचा, हे त्याचं दुःख. २०१७ मध्ये त्याने स्वतःच्या पैशांनी दरवाजा काढून मोटरचं शटर बसवलं. रंग गडद चॉकलेटी. विकणाऱ्याच्या पत्रकावर 'मेंटेनन्स फ्री' असं छापलेलं होतं. ते पत्रक माझ्याकडे अजून आहे. ते गंजलेलं नाही.

दोन वर्षं बटण दाबलं की शटर वर, बटण दाबलं की खाली. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. मग गणपती आले.

चतुर्थीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दादा, वहिनी आणि दोन मुलं गाडीने पहाटे चिपळूणला उतरणार आणि मी कार घेऊन त्यांना आणायला जाणार, असं ठरलेलं. चिपळूण इथून पंचेचाळीस किलोमीटर. तीनला उठलो. पाऊस धो धो, आणि लाइट दहा वाजल्यापासून गेलेले. तरी सवयीने बटण दाबलंच. मग लक्षात आलं की अशा वेळेसाठी मोटरला हाताने ओढायची साखळी असते. बसवणाऱ्याने ती दाखवली होती, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिळ्याला अडकवली होती, आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

पिशवी काढली तर साखळी सुटेचना. सगळ्या कड्या एकमेकींना धरून बसलेल्या, चकली उचलावी तशी अख्खी साखळी एका तुकड्यात हातात आली. घराच्या बाजूने गॅरेजात यायला छोटं दार आहे, तिथे सौ. बॅटरी धरून उभी. आधी रॉकेल ओतलं, मग न्हाणीघरातलं खोबरेल. एकेक कडी बोटांनी पिरगाळून मोकळी करत बसलो. हातावर चहाच्या भुकटीसारखा गंज, नखांत गेलेला तो विसर्जनापर्यंत निघाला नाही. अर्ध्या तासाने साखळी चाकावरून सरकायला लागली. ओढली, शटर कुंथत वीतभर वर आलं, आणि कडी तुटली. मी मागे कारच्या बॉनेटवर आपटलो. मोटरचा ब्रेक असा की नुसत्या हातांनी उचलून शटर वर जाणार नाही. त्या वीतभर फटीतून कुत्रा तेवढा आत आला.

शेवटी शेजाऱ्यांना उठवलं. त्यांचा मासळीचा टेंपो आहे, आणि गणपतीत मासळी बंद म्हणून तो मोकळा होता. धुतलेलाही होता, पण मासळीचा टेंपो कितीही धुतला तरी मासळीचाच. वहिनी नव्या साडीत पुढे बसली, तिच्या शेजारी दादा, आणि मी, मुलं, पाच बॅगा असे मागे ताडपत्रीखाली. घरी पोचल्यावर दादा उतरला, वीतभर उघड्या शटरकडे बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाला, "तू मधे मधे चालवत नव्हतास का?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्याबरोबर लिहायला बसलो.

गणपती गेल्यावर मिस्त्रीने शटर उतरवून अंगणात पसरलं, तेव्हा खरी गंमत दिसली. दादाचं म्हणणं, कोकणातल्या पावसाने वाट लावली. पण जिथे पावसाची झड थेट आपटते, तो मधला भाग बराच चांगला होता. गंज होता छज्जाखालच्या वरच्या दीड फुटात, पट्ट्या एकमेकींत अडकतात त्या घड्यांत, दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये (म्हणजे शटरच्या कडा ज्यातून सरकतात त्या खोबणी), आणि तळाच्या पट्टीला. म्हणजे तळ सोडला तर जिथे पाऊस पोचत नाही तिथे. कारण साधं आहे. दिवाळीपासून मेपर्यंत खारं वारं मीठ आणून टाकतं, आणि पाऊस नसल्यामुळे ते धुऊन जात नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. आमच्याकडे भर उन्हाळ्यातही पहाटे तेवढी आर्द्रता असतेच. म्हणजे पावसाचा थेंब न पडता शटर रोज सकाळी खाऱ्या पाण्यात. पाऊस उलट ते मीठ धुऊन नेतो, जिथे पोचेल तिथे.

त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं काम पावसाळ्यातलं नाहीच, हिवाळा-उन्हाळ्यातलं आहे. दर पंधरा दिवसांनी शटर गोड्या पाण्याने धुवायचं, छज्जाखाली आणि घड्यांत नळी धरून. आतूनही. आणि विहिरीचं पाणी आधी चाखून बघा. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने शटर धुणं म्हणजे लोणचं घालणं.

उन्हाळ्यात शटर घट्ट होतं ते लोखंड प्रसरण पावतं म्हणून, असं सगळे सांगतील. हिशोब करून बघा. नऊ फुटांची लोखंडी पट्टी तीस अंशांनी तापली तर लांबीला वाढते जेमतेम एक मिलिमीटर. अॅल्युमिनियमची असेल तर साधारण दुप्पट. गाइडमध्ये तेवढी जागा सोडलेली असते. शटर अडतं ते ग्रीसमुळे. कोणीतरी हौसेने गाइडला ग्रीस थापतो, उन्हात ते पातळ होऊन उतरतं, त्याच्यावर पुळणीची बारीक वाळू बसते आणि घासकागद तयार होतो. गाइड रॉकेलच्या फडक्याने पुसून काढा, कोरडी करा, आणि वर सिलिकॉनचा स्प्रे मारा, बस. डब्ल्यूडी फॉर्टी नावाचा स्प्रे पाणी हटवायला आणि अडकलेलं सोडवायला उत्तम, पण तो टिकाऊ वंगण नाही. एकदा मारलं म्हणजे वर्षभराचं झालं, असं समजू नका. रंग मात्र फिकट द्या. चॉकलेटी शटरला दुपारी हात लागला तर चटका बसायचा, आणि दोन उन्हाळ्यांत त्याचा खडू होऊन बोटाला लागायला लागला होता.

रंगावरून आठवलं. शटर जस्त चढवलेल्या पत्र्याचं असेल तर त्यावर ऑइल पेंट थेट मारू नका. जस्त आणि तेल यांचं जमत नाही, रंगाचे पापुद्रे सुटतात. त्या पत्र्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो, तो मागून घ्या, नाहीतर दुकानदार नेहमीचा रेड ऑक्साइड हातात ठेवेल. काम एप्रिलमध्ये करा, दव सुकल्यावर आणि पत्रा तापायच्या आधी. पश्चिमेचं दार असेल तर सकाळ छान मिळते. मिस्त्री दुपारी तीनला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पावसाळ्यात करण्यासारखं फार नसतं. शटर रोज एकदा पूर्ण वर-खाली करा. तळाच्या पट्टीखाली पाणी साचू देऊ नका, आणि छपराच्या पागोळ्या थेट शटरसमोर पडत असतील तर पन्हाळ लावा. तळाची पट्टी सडते ती फरशीवरून उडणाऱ्या चिखलाने. चिपळूणसारख्या ठिकाणी पुराचं पाणी घरात येत असेल तर गोष्ट वेगळी. २०२१ च्या जुलैत तिथे पूर ओसरल्यावर गाइडमधला गाळ सुकायच्या आत काढणं हेच पहिलं काम होतं.

दादा अजूनही म्हणतो की निसर्ग वादळात, म्हणजे ३ जून २०२० ला, बाबांचा दरवाजा टिकला नसता. तो दरवाजा तेव्हा आमच्या गोठ्याला लावलेला होता. टिकला. अर्थात वादळाचा खरा तडाखा उत्तरेला श्रीवर्धन आणि दापोली-मंडणगडकडे बसला, आमच्याकडे तितका नाही, हेही खरं. आणि लाकूड घ्या असं मी तुम्हाला सांगत नाहीये. चांगला फणस आता मिळतो कुठे, आणि रंधा मारणारा तर त्याहून मिळत नाही.

अजून एक, लिहितोच आहे तर. साखळी दर महिन्याला एकदा ओढायला हवी होती, आणि ते मी केलं नव्हतं. दादाचं ते वाक्य अगदीच चूक नव्हतं. पण 'मेंटेनन्स फ्री' म्हणून वस्तू आणणाऱ्याने ते बोलायचं नव्हतं. तेव्हा तुम्हाला मोटर बसवायचीच असेल (घरात म्हातारं माणूस असेल, कंबर दुखत असेल तर बसवावीच लागते) तर साखळीला तेल लावा, पिशवीत बांधू नका, आणि लाइट असतानाही महिन्यातून एकदा शटर साखळीने उघडा.

शटर ज्याभोवती गुंडाळलं जातं तो वरचा पाइप आणि त्यातली स्प्रिंग यांना स्वतः हात लावू नका. स्प्रिंग ताणलेली असते, सुटली तर मनगट मोडेल. ते मिस्त्रीचंच काम.

आमची मोटर मी उतरवली. पाइपात स्प्रिंगा बसवून घेतल्या, पट्ट्या बदलल्या, रंग पांढरट दिला. आता शटर हाताने वर जातं. साखळीचा तुटलेला तुकडा त्याच खिळ्याला लटकतोय. दादा दर गणपतीत येतो, त्याकडे बघत नाही, आणि त्याच खिळ्याला ओली छत्री अडकवतो.