ऑर्डर बघायला गेले आणि रील्समधे अडकले

प्रश्न : मी घरीच ब्लाउजवर आरी वर्क करते, ऑर्डरी सगळ्या इन्स्टावर मेसेजमधे येतात. मेसेज बघायला म्हणून फोन घेते आणि भानावर येते तेव्हा कुणीतरी अनोळखी बाई मला घरच्या घरी पनीर कसं करायचं ते शिकवत असते, ब्लाउज तसाच फ्रेमवर ताणलेला. मुलगा म्हणतो अ‍ॅपच उडव, पण मग धंद्याचं काय? - एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मुलाचं ऐकू नका. अ‍ॅप उडवलंत तर गिऱ्हाईक तुटेल आणि चार दिवसांनी तुम्ही ते परत टाकालच. दोष तुमच्या मनाचा कमी आणि त्या स्क्रीनचा जास्त आहे. पूर्वी वेबसाइटचं पान खाली संपायचं, पुढचं पान बघायला बटण दाबायला लागायचं, तेवढ्यात माणूस उठून जायचा. 2006 साली एझा रास्किन नावाच्या डिझायनरने हे न संपणारं स्क्रोल काढलं (आता तोच त्याबद्दल हळहळतो). आपल्याकडे जून 2020 मधे टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाने रील्स आणल्या. म्हणजे तुमचं झालंय असं की दळण आणायला जायचं तरी रस्ता जत्रेतूनच.

तर रस्ता बदला. इन्स्टाच्या नोटिफिकेशनमधे फक्त मेसेज चालू ठेवा, लाईक, लाइव्ह, सजेशन सगळं बंद, आणि मेसेज आला की त्या नोटिफिकेशनवरच टॅप करा म्हणजे थेट चॅट उघडतं, मधे फीड, म्हणजे पोस्ट आणि रील्सची ती न संपणारी रांग, लागत नाही. उत्तर दिलं की बॅक बॅक करत बसू नका, सरळ फोनचं होमचं बटण (इन्स्टातलं नव्हे), कारण बॅक केलं की तुम्ही फीडच्या दारात आणि तिथून कोण परत येतं! सेटिंगमधे सुचवलेल्या पोस्ट 30 दिवस थांबवायची सोय आहे, ती पण करा. महिना झाला की परत करावी लागते, हे मुद्दामच तसं ठेवलंय असं मला वाटतं.

रोजच्या वेळेची मर्यादा लावा असं सगळेच सांगतात, मला त्यात फारसा दम वाटत नाही, वेळ संपल्याचा मेसेज आला की बोट आपोआप तो घालवून टाकतं. फोन ब्लॅक अँड व्हाइट करायचा उपाय चांगलाय, पण तुम्हाला मरून आणि वाइन कलरमधला फरक गिऱ्हाइकाला सांगायचा असतो, त्यामुळे तो फक्त रात्रीपुरता, अँड्रॉइडला बेडटाइम मोडमधे मिळेल. आणि हो, एखाद दिवशी पनीर बघितलंत तर बघितलंत, सुईवर दिवसभर डोळे लावल्यावर माणसाला विरंगुळा लागतोच की.

प्रश्न : रिटायर झालोय, यूट्यूबवर कीर्तन लावायला जातो आणि शॉर्ट्स बघत बसतो. - एक वाचक, सांगली

उत्तर : काका, तुमचं सोपंय. यूट्यूबच्या सेटिंगमधे जाऊन वॉच हिस्टरी, म्हणजे काय काय बघितलं त्याची नोंद, बंद करा आणि जुनी पुसून टाका, होमचं पान जवळजवळ रिकामं होतं. मग कीर्तन सर्च करून लावायचं. खाली शॉर्ट्सचं बटण राहतंच, ते काढता येत नाही, आणि अर्धवट राहिलेलं कीर्तन कुठे थांबलं होतं तेही मग यूट्यूब लक्षात ठेवणार नाही, ते तुम्हीच कागदावर लिहून ठेवा.