वाचकांचे प्रश्न : नवी विंडोज, जुना प्रिंटर

प्रश्न : संगणकावर विंडोज १० च्या जागी विंडोज ११ घेतल्यापासून माझा जुना लेझर प्रिंटर छापत नाही. कामे रांगेत अडकतात आणि रद्दही होत नाहीत. नवा प्रिंटर घ्यावा लागेल का?

उत्तर : इतक्यात तरी घेऊ नये. छपाईचे प्रत्येक काम आधी ‘प्रिंट स्पूलर’ या सेवेकडे फाइलच्या रूपात साठते आणि त्यातली एखादी फाइल बिघडली, की तिच्यामागची सारी कामे खोळंबतात. म्हणून ‘सर्व्हिसेस’ उघडून ही सेवा थांबवावी, विंडोज फोल्डरमधील ‘सिस्टिम३२’, त्यातील ‘स्पूल’ आणि त्यातील ‘प्रिंटर्स’ या फोल्डरमधल्या फाइली (फोल्डर नव्हे) पुसाव्यात आणि सेवा पुन्हा सुरू करावी.

तरीही अडले, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा असतो. सेटिंग्जमधून प्रिंटर काढला तरी ड्रायव्हर मागे उरतो आणि प्रिंटर पुन्हा जोडताच तोच वापरला जातो; हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि त्यांचे सारे श्रम वाया जातात, याचे मला फार वाईट वाटते. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधील ड्रायव्हरांच्या यादीतून तो काढावा. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ६४ बिटचा ड्रायव्हर घ्यावा, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिट स्वरूपातच मिळते आणि जुन्या सीडीवरील ३२ बिटचा ड्रायव्हर तिच्यावर चालत नाही. यूएसबी वायर मात्र ड्रायव्हर बसवताना पडद्यावर तशी सूचना येईपर्यंत जोडू नये.