सातवी-आठवीच्या मुलांना फक्त 'संयम पाळा' एवढंच शिकवावं, की गर्भधारणा आणि एचआयव्हीबद्दलही सांगावं?
दोन्ही सांगा, पण 'या वयात थांबणं सर्वांत सुरक्षित' हे आधी आणि कारणांसकट. युनेस्कोच्या लैंगिक शिक्षणाविषयीच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे: पूर्ण माहिती दिल्याने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, आणि नुसत्या उपदेशाने थांबतही नाहीत. त्यांना हवं ते असं:

- पाळी, झोपेत होणारं वीर्यस्खलन, हे सगळं नैसर्गिक आहे ही खात्री
- एकदाच्या संबंधातूनही दिवस राहू शकतात. एचआयव्ही एका ताटात जेवून पसरत नाही
- 'नाही' म्हणायचा सराव. हा वर्गात खरोखर करून घ्या, मोबाइलवर कुणी फोटो मागितला तर काय उत्तर द्यायचं इथपर्यंत

कंडोमचं काम काय, हेही आठवी-नववीत सरळ शब्दांत सांगता येतं. एक मात्र सांभाळा: २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) १८ वर्षांखालच्या मुलाची किंवा मुलीची शरीरसंबंधांना दिलेली संमती ग्राह्य नाही. हे सांगाच, पण धाक घालून नको. नाहीतर ज्याच्यावर अत्याचार झालाय ते मूल तोंडच उघडणार नाही. अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर फळ्यावर लिहून ठेवा.